साठ दिवस

सूतवाला बोगम तीस दिवसांची उधारी देतो.
टॉवेल नेणारा नव्वद दिवसांनी पैसे धाडतो,
तेही फोन उचलला तर.
मधल्या साठ दिवसांत
आम्ही राहतो.

तसे राहतो साखर पेठेत,
पत्र्याखाली, चार मागांना लागून.
आता दोनच.
दोन भंगारात गेले, किलोवर.
काट्यावर चढवताना सासरे म्हणाले,
आधी तेल पुसा,
तेलाचंही वजन भरतं, फुकटचं नको.
भंगारवाला हसला. मला हसू आलं नाही.
त्या महिन्याचं वीजबिल मात्र भागलं.

मेमध्ये लाइट जाते
तेव्हा गल्ली एकदम थांबते
आणि खडखडाटात निजलेली पोरं
शांततेनं दचकून उठतात.

बाहेरगावाहून चादरी येतात,
आमच्या गावाचं नाव शिवून,
आमच्याहून साठ रुपयांनी स्वस्त.
प्रदर्शनात एकानं घडी उलटीसुलटी करून विचारलं,
अस्सल आहे ना?
म्हटलं, महाग वाटतेय ना, मग अस्सलच.
त्यानं नाही घेतली.
त्याच्या बायकोनं दोन नॅपकिन घेतले,
सुटे नव्हते म्हणून तीन.

डाग पडलेला टॉवेल आम्ही टाकत नाही.
चार तुकडे, कडेला ओव्हरलॉक, भांडीपुसणी.
मंगळवारच्या बाजारात वजनावर जातात.
सासऱ्यांना हे बघवत नाही.
त्या दिवशी ते मुद्दाम देवळात बसतात
आणि संध्याकाळी विचारतात,
किती झाले?

काल ताणा संपत आला.
पुरता संपू द्यायचा नसतो,
हातभर जुना मागावर ठेवायचा,
त्याच्या एकेका धाग्याला नवा धागा गाठायचा,
नाहीतर सगळी ओवणी पहिल्यापासून.
चिन्नक्का आली सांधायला.
जमिनीवर फतकल मारून
बाराशे गाठी, बोटांना राख लावून,
मधेच तेलुगूत सुनेची गाऱ्हाणी,
पण गाठ एकही ढिली नाही.

उठताना मी म्हटलं, अक्का, हॉटेलचे पैसे आले की देते.
ती गुडघा चोळत म्हणाली, द्या सवडीनं.

तिचे किती दिवस असतात मधले,
मी विचारलं नाही.
बटण दाबलं.
गाठी फणीतून एकेक करत
पलीकडे गेल्या.