सतरा नंबर

वाळपईच्या मैदानात सतरा नंबर:
पाट, तांबडी, चार महिन्यांची.
काल सगुणीनं तिला ओहोळावर धुतली,
कानांतल्या गोचिड्या वेचून
करवंटीत मोजल्या. बावीस.

परीक्षक दात बघतो, पाठीवर बोटं चालवतो,
मान वर न करता विचारतो,
"आईचं दूध किती?"

आईला श्रावणात वाघरानं नेलं.
मागं राहिलेली घंटा हिच्या गळ्यात,
अजून जड; मान जरा वाकडीच.

"फेणीच्या दोन बाटल्या, दिवसाला.
तोंडाला सायकलची ट्यूब बांधून,"
सगुणी म्हणते. मंडप हसतो.
परीक्षक रकाना कोराच सोडतो.

परतीच्या कदंबात
कंडक्टर म्हणतो, हिचं अर्धं.
तिकीट सगुणीच्या मुठीत.
चढण लागेपर्यंत
ते हिनं खाल्लेलं असतं.