गणपूर्ती

आर्ब्रोथला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
सभा सातला.
चर्चमागच्या हॉलची किल्ली सेंगाकडे असते.
दार आधी आपल्याकडे ओढायचं,
मग रुसलेल्या माणसाशी बोलावं तशी किल्ली हळूच फिरवायची.
ही खुबी संस्थेच्या घटनेत लिहिलेली नाही.

घटनेत लिहिलंय : वार्षिक सभेची गणपूर्ती पाच.

मॉर्वेन कार्नेगी, अध्यक्ष, अकरा वर्षं.
दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून
लोकांचं ऐकून घेतलेलं.
टॅम स्विर्ल्स, खजिनदार. घराणं मासे धुरावणारं,
हिशेबाच्या वहीलाही तोच वास.
टॅमचा नातू बोलत नाही. टॅमही फारसा नाही.
शनिवारी दोघं बंदरावर नावांच्या दोऱ्या मोजतात,
आकडा जुळला की घरी येतात.
बोझेना, चिटणीस, बेरीच्या शेडमधून थेट,
नखं अजून जांभळी,
इतिवृत्त आधी मनात पोलिशमध्ये, मग कागदावर.
आणि सेंगा, जिने बाथरूममधल्या हात वाळवायच्या मशीनवर
काळी पिशवी चिकटवली आहे. वर चिठ्ठी : बिघडलंय.
बिघडलेलं नाही. नुसतं किंचाळतं.
मुलांसाठी सात वर्षं जपलेलं
संस्थेचं हे एकमेव खोटं.

चार झाले.
पाचवा ग्रीव्ह. त्याच्या लेकीनं आज बूट घालायचं नाकारलंय.
फोनवर म्हणाला, बघतो.
बघतो म्हणजे नाही, हे इथे सगळ्यांना कळतं.
नगर परिषदेची पत्रं याच शब्दावर संपतात.
तपासणीची यादी : दोन वर्षं चार महिने.
बघतो.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय यांचं केव्हाच सरलं.
सुपरमार्केटच्या दारात बादली घेऊन उभं राहताना
मॉर्वेनच्या लक्षात आलं,
नाणं टाकणारे डोळ्यांत बघत नाहीत.
तिला त्याचं काही वाटलं नाही.
इनिसनंही कधी बघितलं नाही,
आणि त्याच्याइतकं तिला कोणी ओळखत नाही.

इनिस. बावीस वर्षांचा.
कोपऱ्यात खुर्च्यांवर खुर्च्या चढवतोय,
निळ्या वेगळ्या, करड्या वेगळ्या.
टॅम नियम चाळतो, चष्मा कपाळावर :
सभासद, वय सोळा पूर्ण, वर्गणी एक पौंड.
कोणी काही बोलत नाही.
इनिस खिशातून नाणं काढतो,
बारा कडांचं, बोटांनी फिरवून फिरवून गुळगुळीत झालेलं,
आणि टेबलावर ठेवतो.
एक कड टेबलाच्या कडेला अगदी समांतर.
टॅम पावती फाडतो. पाच झाले.

विषय तिसरा : अध्यक्षांची निवड.
कोणी इच्छुक?
सेंगा बिस्किटांकडे बघते. बोझेना पेन्सिलीला टोक काढते.
स्वयंपाकघरात फ्रिज घरघरतोय.
मघापासून घरघरत होता, पण ऐकला एकट्या इनिसनं.
तो उठतो, जातो, बटण बंद करतो.
मग जी शांतता पसरते
तिच्यात कोणालाच लपता येत नाही.
बरं, मॉर्वेन म्हणते. आणखी एकच वर्ष.
(मागच्या इतिवृत्तातही हेच वाक्य आहे. त्याच्या मागच्याही.)

सूचक सेंगा. अनुमोदक टॅम.
बाजूने तीन. मॉर्वेन तटस्थ.
विरोधात एक.

कारण नोंदवायचं का, बोझेना विचारते.
नोंदव, मॉर्वेन म्हणते, सभासद आहे तो.
इनिस खुर्चीला सांगतो :
गुरुवारी आपण घरी मासे-बटाटे खायचो.
अकरा वर्षांपूर्वी.

बोझेना हे लिहिते. खोडत नाही.
मॉर्वेन बराच वेळ कोटाचं बटण लावत राहते.

दार ओढून, रुसवा काढून, कुलूप लागलं.
फ्रिज कोणाच्या लक्षात राहिला नाही.

शुक्रवारी टॅमच्या वहीत :
जमा, वर्गणी, एक पौंड.
खर्च, दूध नवीन, एक पौंड वीस.
वरचे वीस पेन्स कुठून आले,
ते वहीत नाही.