दोन पट्टे

रविवारी सहाच्या सुमाराला
सोलापूर रस्त्यावरून कवडीकडे वळते,
स्कूटर बाभळीखाली लावते,
आणि नाकाला सवय होईपर्यंत
जरा तशीच उभी राहते.

पुण्यानं रात्रभर जे जे धुतलं
ते सगळं इथं बंधाऱ्यावरून उतरतं.
फेसाचे ढीग, एकेकटी चप्पल,
गाठ न सुटलेल्या निर्माल्याच्या पिशव्या.
फेसाच्या कडेनं थापट्या बदकं
पळीसारख्या चोची पाण्यात घालून
गाळत गाळत पुढं जातात.
त्यांची काही तक्रार दिसत नाही.

वही काढते.
थापट्या : एकोणचाळीस. मागच्या रविवारी एकशे बारा.
भुवई बदक : सहा. त्यातल्या नराची भुवई
कुणी आत्ताच चुन्याचं बोट ओढल्यासारखी.
चक्रवाक :

पलीकडं, चिखलाच्या त्या जिभेवर,
जिथं नोव्हेंबरपासून ती विटकरी जोडी असायची,
तिथं पांढरं काहीतरी हलतंय.
थर्माकोल.

येतात तेव्हा दिसतात, फोन होतात, धावपळ होते.
जातात त्या रात्री
आपण कूस बदलत असतो फक्त.
शिमगा झाला, पळस झडला,
आणि पाणी एकदम रुंद वाटायला लागतं.

दुर्बीण खासगीवाले बाईंची.
उजव्या भिंगाची कडी त्यांच्या डोळ्याला लावलेली,
ती मी तीन वर्षं फिरवलेली नाही.
त्यामुळे माझी नदी
एका डोळ्यानं कायम थोडी धुक्यात असते.

साडेसातला फोन.
"चक्रवाक?"
"नाहीत, बाई."
"नाहीत हा आकडा नाही. शून्य लिही."
"थापट्या सुमारे चाळीस..."
"सुमारे हे कुठल्या पक्ष्याचं नाव?"
गुडघे गेले, तिसरा मजला उतरवत नाही,
पण भूगोलाच्या तासाचा आवाज आहे तसा आहे.

तेवढ्यात वरून आवाज आला.
बदकाचा नाही. नाकातला, जुन्या बाजाच्या पेटीचा
एकच सूर कुणी दाबून धरावा तसा.
टायरच्या ट्यूबवर बसलेल्या सुभानानं
जाळं ओढायचं थांबवलं.
राखाडी, मोठे, गळ्यापाशी उजळ,
सात जण वळले, पाय खाली सोडले,
आणि थर्माकोलच्या शेजारी उतरले.

"बाई, पट्टकादंब."
"कवडीला? वेडी आहेस का? ते भिगवणला बघायचे."
"सात आहेत."
"डोक्यावर पट्टे किती?"

एका डोळ्यात सगळं धूसर.
मी मोबाइल खांद्यानं कानाशी दाबला
आणि कडी फिरवली.
गंजल्यासारखी कुरकुरली, मग सरकली.
पांढरं डोकं. मागं काळा पट्टा,
त्याखाली मानेशी दुसरा, आखूड.
इतकं स्वच्छ की डोळ्यात पाणी आलं.

"दोन."

पलीकडून काही नाही.
नववी क-च्या फळ्यावर बाई हिमालय काढायच्या
खडू आडवा धरून, एका ओढीत,
आणि त्याच्या वरून एक बारीक बाण न्यायच्या :
याच्याही वरनं जातात बरं का ते,
आपला श्वास जिथं संपतो तिथनं.
मागच्या बाकावर आम्ही डबे उघडलेले असायचे.

"उडाले की सांग," एवढंच म्हणाल्या.

पाऊण तास थांबले. फोन चालूच.
सुभान म्हणाला, ताई, हे पाव्हणे
इथलं पाणी प्यायचे नाहीत.
प्यायले.
मग एकानं मान वर केली, मग सगळ्यांनी,
आणि पाणी तुडवत, धावत, जड अंगानं वर.

"निघाले, बाई. उत्तरेला."

सहकारनगर इथून पार उलट्या बाजूला.
तिथून त्यांचं पीसही दिसणार नाही,
हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.
तरी फोनमध्ये खुर्ची सरकली,
काठी टेकत टेकत गेली,
आणि खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला.

वहीत लिहिलं : पट्टकादंब, सात.
वरच्या ओळीत
शून्य.