कट कोणी शिजवला

सव्वीस वर्षं मी कसबा बावड्याच्या कोर्टात
मराठीचं इंग्रजी करत होतो.
खटला गुळाच्या गोदामाचा. आरोपी पाच,
शाहूपुरीतले हमाल, खांद्यांवर रव्यांचे वळ.
पोलिसांचं म्हणणं, बारा फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता
हौसाक्का शेळकेच्या मिसळीच्या गाड्यावर
त्यांनी कट केला.

आजरेकर वकिलांनी चष्मा पुसला.
बाई, त्या दिवशी तुमच्या गाड्यावर कट शिजला, खरं की खोटं?
खरं की.
कोणी शिजवला?
मीच की साहेब. मी सोडून कोण शिजवणार?
पहाटं तीनला कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं,
चटणी घरची. बाजारची न्हाई.
आणि ह्या पाच जणांचा सहभाग?
ही काय करत्यात? नुसतं मागून घेत्यात.
त्या तिसऱ्याचं पैसं अजून बाकी हाईत.

पट्टेवाला हसला. साहेब हसले.
आरोपी नंबर तीन, शिवलिंग कोष्टी, तोही हसला,
मग पोलिसाकडं बघून थांबला.
माझं पेन अडलं होतं.

इंग्रजीतल्या कॉन्स्पिरसीत
कांदा नाही, खोबरं नाही. ती शिजत नाही.
रात्री जाड कोश काढून तिचं मूळ बघितलं:
एकत्र श्वास घेणं.
एवढंच.
आमच्याकडं केवढी भांडीकुंडी!
खलबत म्हटलं की मला खलबत्ताच ऐकू येतो,
डावाला लाल माती लागते,
साटंलोटं तर थेट सोयरिकीतून उचललेलं.
आणि त्या लोकांना नुसता श्वास पुरतो,
जवळ उभं राहून
एकच हवा दोघातिघांत वापरलेली.

तेव्हा सीपीआरचा जिना आठवला.
आईचा रिपोर्ट माझ्या शर्टाच्या खिशात,
आम्ही चौघं भावंडं वळणावर,
इंदूताई, मी, बाळू, वत्सू,
तोंडं इतकी जवळ की बाळूच्या पानातला कात
मला कळत होता.
ठरलं. सांगायचं नाही. अल्सर म्हणायचं.
कुणी कुठं रडायचं, तेसुद्धा ठरलं.
कलम एकशे वीस ब, जसंच्या तसं:
दोन किंवा जास्त माणसं, एकमत,
आणि ठरल्यावर केलेली एखादी कृती.
कृती म्हणजे बाळू खाली जाऊन शहाळं घेऊन आला.
आई म्हणाली, काय शिजतंय रे तुमचं?
काही नाही, म्हणालो चौघंही,
एका दमात.

ती गेल्यावर तिच्या पिशवीत
गुजरीतल्या सराफाची पावती निघाली.
पाटल्या मोडल्या, अंगठ्या चार.
पावतीला टाचलेले चार दोरे, प्रत्येकाला गाठ:
आमच्या बोटांची मापं.
कधी घेतली असतील? झोपेत?
तारीख आमच्या जिन्याच्या नऊ दिवस आधीची.
सराफ म्हणाला, आक्का सांगून गेलेल्या,
पोरांना कळू देऊ नका, घाबरतील.
म्हणजे त्यालाही तिनं आत घेतलं होतं.

हौसाक्काचं उत्तर मी शेवटी जसंच्या तसं लिहिलं,
खाली बारीक अक्षरात टीप दिली:
इथे कट म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा.
साहेबांनी टीप खोडली.
म्हणाले, अपिलातल्या लोकांना भूक लागेल.

पाचही जण आठ महिन्यांनी सुटले.
कोष्टी जुने पैसे देऊन गेला म्हणे,
वर एका पावाचे जादा.
निवृत्तीनंतर मीही जातो कधीमधी.
मी वाटी पुढं करायच्या आत
हौसाक्का पळी कलती करते.
काही विचारत नाही.
खाताना अंगठीला तर्री लागते.