हातचा एक

ग्रिम्सबीच्या हाउसिंग ऑफिसात मला तीन महिन्यांसाठी बोलावलं.
दुरुस्तीच्या तक्रारी कुठून येतात, कुठे अडतात,
ते चौकोनांत आणि बाणांत मांडायचं
आणि मग सगळं यंत्राच्या हवाली करायचं.

खुर्ची मिळाली ग्लेनिसच्या शेजारी.
सव्वीस वर्षं त्याच टेबलाशी, गोदीकडच्या खिडकीत.
"लिहून घे, रूजूटा," म्हणायची.
ऋजुता म्हणजे सरळ, असं मी तिला सांगितलं.
"अरेरे," ती म्हणाली, "मग या खात्यात तुझं काही खरं नाही."

फोन उचलताच तिला कळायचं,
बॉयलर आहे, बुरशी आहे, की नुसतंच भांडण.
कशावरून?
"श्वासावरून."
श्वासाला माझ्याकडे चौकोन नव्हता.

मंगळवारी दहाच्या सुमाराला मिस्टर ऑल्डर्टन.
चौदा नंबर, हेरिंग लेन, स्वयंपाकघरातला नळ गळतो.
एके काळी आइसलंडपर्यंत मासे धरायला जायचा हा माणूस,
आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दम खातो.
नळ गळत नव्हता. नऊ वर्षांत एकदाही गळला नव्हता.
तरी ग्लेनिस काम काढायची, दिवसातलं शेवटचं,
चार वाजताचं, कीथच्या नावावर.
आणि कीथ शेरा लिहायचा: वॉशर बदलला. चहा.

मी पेन्सिल धरून बसले होते.
हे कुठल्या नियमात बसवू?
ती काही बोलली नाही, तिने खोकल्याची गोळी तोंडात टाकली.
मला दुसरीतली बेरीज आठवली,
पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेला हातचा,
उत्तर आलं की थुंकी लावून पुसायचा.
मी तो बाण काढला नाही.
अहवालात लिहिलं: अपवाद, नगण्य.

ऑक्टोबरात यंत्र सुरू झालं.
अकरा वर्षांच्या नोंदी त्याला वाचायला दिल्या होत्या.
ग्लेनिसला केक, कार्ड आणि एक कुंडी मिळाली.
चार दिवसांची कामं दीड दिवसात व्हायला लागली,
तक्रार येण्याआधीच माणूस दारात. प्रिचर्डसाहेब खूश.

मार्चमध्ये त्यांचाच फोन. दोष आहे, सापडत नाही.
दर मंगळवारी यंत्र आपण होऊन एक काम काढतं.
चौदा नंबर, नळ, चार वाजता, कीथ.
ऑल्डर्टन तर जानेवारीतच गेला.
कीथचे शेरे दाखवले त्यांनी:
घर बंद.
घर बंद.
घर बंद. पायरीवर बसलो. वारा फार.

रात्री लॉग उघडला. कारण स्वच्छ लिहिलेलं:
या पत्त्यावर 'चहा' असा शेरा पडला
की पुढचे सात दिवस तक्रार येत नाही.
खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.
म्हणजे त्याच्या हिशेबात चहा ही एक दुरुस्ती होती.

खाली आणखी पत्ते होते. तीस.
दाराची कडी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी.
जिन्यातला दिवा, नाताळनंतरच्या आठवड्यात, दरवर्षी.
हे मला ग्लेनिसने कधी सांगितलंच नव्हतं.
तीन महिने तिच्या कोपराला कोपर लावून बसले
आणि तिने मला एक दाखवला फक्त, एकतीसांतला.
तिने पुसलेले सगळे हातचे
यंत्राने मात्र उत्तरांवरून उलटे शोधून काढले होते.
मायेने नव्हे. ते मला माहीत आहे, मीच बांधलंय ते.
तरी बराच वेळ मी पडद्याकडे बघत राहिले,
आपल्या पोराच्या वहीत
दुसऱ्याच कुणाचं अक्षर दिसावं तशी.

"किती वेळ लागेल काढायला?" प्रिचर्ड.
एक ओळ, मी म्हणाले.
मृत्यूची नोंद जोडली. चौदा नंबर थांबला.
आणि अहवालात लिहिलं: दोष दूर केला आहे.
नावाला शोभेल असं सरळ वाक्य,
एकतिसांश खरं.

सोमवारी निघण्याआधी सहज नोंदी चाळल्या.
कीथ, चार वाजून पन्नास मिनिटं:
कडी ठीक. चहा. या बाईंकडे बिस्किटंही असतात.