शब्दमर्यादा पाचशे

अकरा वीस.
फॉर्मची मुदत बारा वाजता संपते
आणि नेमकं आजच, पाचव्या दिवशी, नळाला पाणी आलंय.
अम्मा गच्चीवरून ओरडते, तेलुगूत,
घाईत तिला मराठी सुचत नाही.
मी मोटर लावते, हात ओढणीला पुसते, बसते.

रकाना सातवा:
फुप्फुसविकारांतच विशेष प्रशिक्षण का घ्यावयाचे आहे?
शब्दमर्यादा पाचशे.

आधी लिहिलेलं खोडलं.
त्यात 'समाज' चारदा होता आणि 'तळमळ' दोनदा.
कुमठेकर सर वाचून म्हणाले,
"चिलवेरी, हे कुणीही लिहील.
तुला छातीत काय ऐकू येतं, ते लिही."

छातीत?
बीपीच्या पट्ट्याचं वेल्क्रो
कुणी सावकाश, झोपलेल्याला जाग येऊ नये असं उघडावं,
तसं ऐकू येतं, पाठीमागे, खाली, दोन्ही बाजूंना.
खाट चौदा. नरसय्या येमुल. टॉवेलचा कारखाना.
किती वर्षं काम केलंत, विचारलं तर म्हणाले,
मागावर हात पुरायला पायाखाली वीट लागायची, तेव्हापासून.
त्यांची पुढची तपासणी पुण्याला होते.
पुण्याला जा म्हटलं की ते मान डोलावतात
आणि जात नाहीत.
दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं, सोबत एक माणूस.
त्यांच्या मानेच्या डोलण्याला
मी आता निदान म्हणून ओळखते.

रकाना नववा:
यापूर्वी मिळालेले अर्थसाहाय्य, स्रोतासह.
इथे कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
बँकेचं कर्ज लिहिलं. फीमाफीचं एक वर्ष लिहिलं.
अम्माची बिडी लिहिली नाही:
रोजची हजार, घरकुलाच्या ओट्यावर,
सुपात पान, मांडीवर कात्री,
तिच्यातून माझी पुस्तकं आली, मेस आली, पहिला स्टेथोस्कोप आला.
त्याच तंबाखूची माणसं
आता माझ्या ओपीडीत रांगेला.
हा स्रोत कुठल्या रकान्यात बसवायचा?

वयाची अट बत्तीस. मला चार महिने उरलेत.
विद्यावेतन साठ हजार, त्यात चेन्नईचं वसतिगृह
आणि कर्जाचा हप्ता; उरलेलं मी मोजत नाही.
बंधपत्र दहा लाखांचं.
जामीनदार दोन, सरकारी नोकरीतले.
एक मामा, महापालिकेच्या शाळेत शिपाई.
दुसरा सापडेना.
दिवसपाळी संपताना मुजावर सिस्टरनी
पगाराची स्लिप माझ्या एप्रनच्या खिशात कोंबली,
जशी त्या नेहमी शेंगाचटणीची पुडी कोंबतात.
म्हटलं, सिस्टर, दहा लाख.
"वाचता येतं मला.
सहा वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. त्याच्या आत ये म्हणजे झालं.
आणि ते मशीन कसं मागवायचं, ते शिकून ये,
नुसतं वापरायचं नको."

अकरा बावन्न.
टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहतंय.
सातव्या रकान्यात चारशे बारा शब्द झाले,
येमुल, वीट, वेल्क्रो, पुण्याचं भाडं.
अठ्ठ्याऐंशी उरले.
त्यांत एक वाक्य सहज मावलं असतं:
नान्नांच्या छातीला मी अजून स्टेथोस्कोप लावलेला नाही.
पलीकडच्या खोलीत ते खोकतात,
मी इथून मोजते, कोरडा, कोरडा, थांबला,
आणि टायपिंगचा वेग वाढवते.
नाही लिहिलं.

सबमिट. गोल फिरत राहिलं.
आमच्या आळीचं नेट पाण्यासारखंच,
येतं तेव्हा येतं.
नान्ना दारात उभे, चादर खांद्यावर.
कसला फॉर्म?
फेलोशिप. एक वर्ष. शिकायला पैसे देतात.
"इंका?" म्हणाले. म्हणजे अजून?
आणि हसायला गेले, तर ठसका.
मी स्क्रीनकडे पाहत होते. मग नव्हते.
वरून अम्मा: मोटर! मोटर!
पिशवीत हात घातला,
नळी हाताला लागली, गार.
"बसा," म्हटलं, "शर्ट वर करा जरा."