एक रुपया फक्त

प्लॉट नंबर सत्तेचाळीस, मौजा मानेवाडा.
नोटीस मी तिसऱ्यांदा डकवली
लोखंडी फाटकाला.
फाटक आहे, कुंपण उरलेलं नाही.
तरी मी फाटकातूनच आत गेले,
सरकारी पायांना तशी सवय असते.

आत जोत्यापर्यंत आलेलं एक घर.
वर काही नाही, खोल्यांची नुसती आखणी.
स्वयंपाकघरात बेशरम वाढलेली,
बैठकीत अख्ख्या गल्लीचा कचरा,
आणि न्हाणीत, जिथे पाणी हवंच होतं,
तिथे हिरवं, जिवंत, वळवळणारं पाणी.

मेंढेबाई माडीवरून ओरडल्या,
"साप निघते मॅडम इथून!
माह्या पोरीले डेंगू झाला.
काहून नाही विकून टाकत बाप्पा तुम्ही लोक?"

विकतोच आहोत, बाई.
पण आमचं विकणं फार सावकाश.
आधी बिल. मग शास्ती,
महिन्याला दोन टक्के, मेलेल्या माणसालाही.
मग वॉरंट,
मग आखीव पत्रिकेवर बोजा.
केवढा जड शब्द,
आणि चढवायला लागते
भूमापनातल्या बाबूची अर्धी सही.

देवाजी सोमा निखाडे, वेकोलित फिटर.
उमरेडहून दर शनिवारी यायचा,
एसटीच्या टपावर सिमेंटची एक गोणी टाकून.
हे फाइलीत नाही.
हे इस्त्रीवाल्या फागोजीनं सांगितलं,
जो फाटकाशेजारी ठेला लावतो
आणि तेवढीच चार हात जागा झाडतो,
अकरा वर्षं, कोणी न सांगता.
"जोतं झालं अन् माणूस गेला.
पोरं भिलाईले.
एक फोन उचलत नाही,
दुसरा म्हणते, आपला प्लॉट हाये हेच माईत नोतं."

लिलावाला झोन ऑफिसात
बारा खुर्च्या आणि एक खडखडणारा कूलर.
पहिल्या पुकाराला कोणी नाही.
दुसऱ्या तारखेला बिल्डरचा माणूस आला,
वारसांची नावं वाचली, चहा प्यायला, गेला.
तिसऱ्यांदा, नियमानं,
महापालिकेनंच बोली लावली.
रक्कम मी अक्षरी लिहिली,
पुढे 'फक्त' लिहायची पद्धत आहे.

आता मेंढेबाईंची तक्रार
आमच्याच नावानं, आमच्याच टेबलावर येते.
मी तिच्यावर आवक क्रमांक टाकते.

मारबत झाली त्या आठवड्यात
एकदाचं जेसीबी मिळालं.
ड्रायव्हरनं विचारलं, कुठून घेऊ?
मी म्हटलं, बैठकीतून घ्या.
देवघराचा कोनाडा जोत्यावर
दोन विटा उंच काढलेला होता.
तो शेवटी, असं म्हणाले,
आणि का म्हणाले याचा शेरा
कुठल्याच रकान्यात लिहिला नाही.

धूळ बसल्यावर फागोजी आला, खराटा हातात.
"अकरा वर्सं कोणाले इचारलं नाही, मॅडम.
आता इचारा लागन का?"

ठेल्याला चाकं आहेत, म्हणून अतिक्रमण नाही.
भाडं नाही, म्हणून भाडेकरू नाही.
मी पेनाचं टोपण लावलं, उघडलं.
तो तोवर झाडायला लागला होता.